कालची सेटिंग, आजचे फोटो: कॅमेरा ‘बिघडला’ असं वाटलं की आधी काय तपासायचं

“कालपर्यंत कॅमेरा मस्त चालत होता. आज सकाळचे सगळे फोटो दाणेदार आणि विचित्र उजेडाचे. सेन्सर गेला का?”

थंडी सुरू झाली, नांदूरमध्यमेश्वरला पाहुणे पक्षी उतरले की नाशिकच्या फोटोवाल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतंच. काहीजण विचारतही नाहीत, सरळ कॅमेरा दुरुस्तीला टाकतात आणि पंधरा दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतात. ऐन हंगामातले दोन रविवार वाया जातात. म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. आदल्या शूटची एखादी सेटिंग त्यात तशीच राहिलेली असते. ती चटकन सापडत नाही, कारण ती कोणी चुकून केलेली नसते. आदल्या संध्याकाळी ती अगदी बरोबर होती. आपण चुकीचं बटण शोधत बसतो आणि बिघाड मात्र बरोबर लावलेल्या बटणातून आलेला असतो.

आपल्या शहरात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. शनिवारी संध्याकाळी रामकुंडावर गोदाआरती आणि रविवारी पहाटे निफाडच्या बाजूला पक्षी, असा अनेकांचा ठरलेला कार्यक्रम. दोन्हींत जेमतेम बारा तासांचं अंतर, पण उजेड, वेग, रंग, सगळं उलटं. आरतीला अंधार, तेलाच्या ज्योती, माणसं बऱ्यापैकी एका जागी. पहाटे धुकं, मग तासाभरात लख्ख ऊन आणि एका क्षणात उडणारा थवा. संध्याकाळची एकूण एक सेटिंग सकाळी नडते.

एक उदाहरण नीट उलगडून दाखवतो. एकाने नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्याजवळून काढलेले चक्रवाकांचे फोटो मला दाखवले. तक्रार अशी की सुरुवातीचे काळे आलेत आणि नंतरचे पांढरेफटक, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बिघडलाय. फोटो मोठा करून बघण्याआधी आम्ही त्याची माहिती उघडली. कॅमेऱ्यावर फोटो बघताना ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प’चं बटण दाबलं की ती दिसते. साडेसातच्या सुमाराचा फोटो: एपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), एफ ६.३, १/४००० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचा आकडा) उणे एक. साडेआठचा फोटो: एफ ६.३, १/४००० सेकंद, आयएसओ ६४००, उणे एक. तासाभरात ऊन कितीतरी वाढलं आणि आकडे जागचे हलले नाहीत. इथेच उत्तर आहे.

आयएसओ ६४०० आरतीसाठी लावलेला होता. उणे एक कशासाठी? त्याआधी नारोशंकराच्या मंदिराचे फोटो काढले होते. काळ्या पाषाणाने फ्रेम भरली की मीटर फसतो. समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून तो हिशोब करतो, त्यामुळे काळा दगड उजळून राखाडी करतो. म्हणून त्याने उणे एक दिलं, आणि ते अगदी योग्य होतं. सकाळी मात्र त्याच उणे एकने धुक्यातले पहिले फोटो काळवंडले. पुढे ऊन चढलं. एवढ्या आयएसओला कॅमेऱ्याला १/२०,००० च्याही पुढचा वेग हवा होता, पण त्याच्या कॅमेऱ्याची धाव १/४००० पर्यंतच. तिथे तो अडकला आणि फोटो पांढरे पडत गेले. अशा वेळी शटरचा आकडा बहुधा लुकलुकतो किंवा रंग बदलतो, पण समोर पक्षी असताना तिकडे कोण बघतो? आयएसओ ८०० वर आणला असता तर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सुटले असते, उणे एक शून्यावर आणलं असतं तर साधारण १/१६०० चा वेग मिळाला असता, आणि चक्रवाकाच्या नारिंगी पिसांचा रंगही शाबूत राहिला असता.

तेव्हा पहिली सवय ही: फोटो बिघडला की मेनूत शिरू नका, बिघडलेल्या फोटोची माहिती वाचा. त्याच्या शेजारी चांगला आलेला जुना फोटो ठेवा. जो आकडा वेगळा दिसेल तिथून शोध सुरू करा.

उजेड चुकतोय

सगळेच फोटो सारख्याच प्रमाणात काळे किंवा सारख्याच प्रमाणात पांढरे असतील तर आधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन बघा. ज्या कॅमेऱ्यांवर याची वेगळी चकती असते, तिथे ती बॅगेत घासून आपोआपही फिरते. कॅमेरा बंद करून चालू केला की ते शून्यावर येईल, या भरवशावर राहू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते टिकून राहतं.

“पण मी मॅन्युअलमध्ये आहे, मला त्याचं काय?” हेही नेहमी ऐकतो. मॅन्युअलमध्ये आयएसओ ऑटोवर असेल तर बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशन लागू होतंच. आयएसओ ऑटोवर नसेल तर काही कॅमेऱ्यांत फोटोवर थेट परिणाम होत नाही, पण मीटरची पट्टी तेवढी सरकलेली दाखवते. तुम्ही इमानदारीने काटा मध्यावर आणता आणि फोटो तरीही काळा येतो. माणूस चक्रावून जातो ते इथे.

एक फोटो नीट, दुसरा काळा, तिसरा पांढरा, पुन्हा एक नीट, असा क्रम दिसला तर ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो ओळीने काढणं, चालू राहिलंय. अंजनेरीवर किंवा गंगापूर धरणावर सूर्यास्ताला ते लावलं असेल. फोटो ओळीने बघितले तरच हा क्रम लक्षात येतो, एकेक सुटा बघून कळत नाही.

क्रम कसलाच नसेल, उजेड वेडावाकडा बदलत असेल तर मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड मोजण्यावर, राहिलेलं असतं. ज्योतीवर मोजण्यासाठी स्पॉट उत्तम. सकाळी तोच ठिपका कधी पाण्यावर पडतो, कधी जांभळ्या पाणकोंबडीवर, आणि दर फोटोला निराळा निकाल देतो.

रंग चुकतोय

सगळा फोटो निळसर आला तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बल्बच्या खुणेवर राहिलाय. घाटावरचा पिवळेपणा मारायला तो लावतात. उलट, सावलीच्या किंवा ढगाच्या खुणेवर राहिला तर दिव्याखालचे फोटो आणखी पिवळे होतात. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती) असेल तर चिंता नाही, घरी बसून एका क्षणात दुरुस्त होतं. फक्त जेपेग असेल तर थोडंफार सुधारतं, पूर्ण नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असूनही एक हिरवट किंवा जांभळट छटा हटत नसेल, तर मेनूत ‘डब्ल्यूबी शिफ्ट’ किंवा ‘फाइन ट्यून’ नावाचा चौकोन असतो, त्यातला ठिपका मध्यभागी आहे का ते बघा.

फोटोवर आडवे पट्टे दिसत असतील, विशेषतः गणपतीच्या मांडवात किंवा एलईडीच्या माळांखाली, तर ती वेगळी गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. पक्ष्यांसाठी लावलेलं सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर तसंच राहिलं की हे पट्टे हमखास. मेकॅनिकल शटरवर या, वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. काही स्वस्त एलईडी मात्र स्वतःच्याच वेगाने लुकलुकतात. तिथे दोन-चार वेग करून बघण्याला पर्याय नाही.

फोटो धूसर येतोय

इथे घाई करू नका, कारण धूसरपणा तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचे उपाय निरनिराळे. फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. फ्रेममधलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला. मागचं गवत स्वच्छ आणि फक्त पक्ष्याचे पंख पुसट असतील तर शटरचा वेग कमी पडला. पक्षी धूसर पण त्याच्या पुढची किंवा मागची काडी धारदार असेल तर फोकस दुसरीकडे बसला. हे ठरवल्याशिवाय ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणू नका. चांगल्या लेन्सा या एका वाक्यापायी मातीमोल भावात विकल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅमेरा हलला असेल तर लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बघा. ट्रायपॉडवर ते बंद करतात, आणि हातात धरताना चालू करायचं राहून जातं. वेग कमी पडला असेल तर उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० च्या आसपास हवा. शेकाट्या पाण्यात उभा असेल तर १/५०० लाही भागतं. फोकस चुकला असेल तर एएफ-एस (एकदाच फोकस) की एएफ-सी (सतत फोकस) ते बघा. कॅनन यालाच वन शॉट आणि एआय सर्व्हो म्हणतं. ज्योत एका जागी असते, तिला एएफ-एस ठीक. उडणाऱ्या पक्ष्यावर एएफ-एसने एकदा कुलूप लागलं की पक्षी पुढे जातो आणि फोकस मागेच राहतो.

लेन्सच्या अंगावरच्या लहान बटणांकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि सगळ्यांत जास्त फोटो तीच खातात. एएफ-एमएफ बटण एमएफवर (हाताने फोकस) राहिलं तर निदान फोकस हलतच नाही, म्हणून लगेच कळतं. मोठ्या झूम लेन्सवर फोकस लिमिटर असतो, तो जास्त फसवा. काही मीटरच्या पलीकडचंच शोधायचं असं त्याला सांगितलेलं असलं की दूरचं सगळं व्यवस्थित मिळतं, आणि खंड्या जवळच्या फांदीवर येऊन बसला की लेन्स पुढेमागे घरघरत राहते. दहापैकी नऊ फोटो नीट येतात, म्हणून संशय बटणावर जातच नाही.

व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतं पण फोटो स्वच्छ येतो, असं असेल तर डोळ्याजवळची डायॉप्टरची चकती फिरलीय. व्ह्यूफाइंडरमधले आकडे बघत ती फिरवा. आकडे स्पष्ट झाले की काम झालं.

बटण दाबलं तरी फोटो निघत नाही

आधी सेल्फ टायमर बघा. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा लावलेला असतो, काही कॅमेऱ्यांत तो बंद करेपर्यंत टिकतो. मग कार्ड. एसडी कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी खाली सरकली असेल तर कॅमेरा कार्डावर लिहू देत नाही. लेन्स ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत फिरून बसलीय का तेही बघा. आणि एएफ-एसवर असाल तर फोकस मिळेपर्यंत शटर उघडत नाही, ती कॅमेऱ्याची शिस्तच आहे.

याच्या उलट प्रकार जास्त घातक: कार्ड नाही, तरी फोटो निघतोय. अनेक कॅमेऱ्यांत ‘कार्डाशिवाय शटर’ अशी सोय असते, आणि काहींत ती कंपनीतून येतानाच चालू असते. पडद्यावर फोटो क्षणभर दिसतोही. कोपऱ्यातली कार्ड नसल्याची खूण कोणी वाचत नाही. लग्नाच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने हा पर्याय आजच मेनूत शोधून बंद करावा. वाचता वाचताच उठून केलात तर उत्तम.

सलग फोटो काढताना कॅमेरा मध्येच थांबत असेल तर तो बिघाड नाही. रॉ फाइली कार्डावर उतरेपर्यंत बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरलेला असतो. वेगवान कार्ड घ्या, किंवा पक्षी पंख उघडेपर्यंत बोट आवरा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून

निघताना तपासा, असा सल्ला सगळे देतात. माझा अनुभव असा की तपासणी निघताना नको, आदल्या शूटच्या शेवटी हवी. पहाटे साडेपाचला गाडीत बसताना कोणी धड बघत नाही. तास-सव्वा तासाची वाट असते, बरोबरची माणसं हॉर्न वाजवत असतात. त्यापेक्षा आरती संपली, गर्दी पांगली की घाटाच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं बसा. लावलेली प्रत्येक सेटिंग तुम्हाला तेव्हा आठवत असते, म्हणून ती काढणंही सोपं.

कॉम्पेन्सेशन शून्य. ब्रॅकेटिंग आणि टायमर बंद. व्हाइट बॅलन्स ऑटो, मीटरिंग पूर्ण फ्रेमचं. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल तेवढी. माझ्या मते जुन्या कॅमेऱ्यांना ३२०० पुरे. रॉ आणि जेपेग दोन्ही चालू, कारण कोणाला तरी चटकन पाठवायला म्हणून जेपेगचा आकार लहान केलेला असतो आणि मग दिवसभराचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे येतात. शेवटी लेन्सवरची बटणं: ऑटोफोकस चालू, लिमिटर पूर्ण पल्ल्यावर, स्टॅबिलायझेशन चालू. यात कलात्मक काही नाही, पण या अवस्थेतला कॅमेरा अचानक समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीचा निदान वापरता येईल असा फोटो देतो.

चकतीवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ असेल तर हीच अवस्था तिथे साठवून ठेवा आणि दुसऱ्या खुणेवर पक्ष्यांची जुळणी ठेवा. याचा खरा फायदा असा की त्या खुणेवर असताना केलेले तात्पुरते बदल कॅमेरा बंद केला की पुसले जातात आणि साठवलेली जुळणी परत येते. कॅननच्या काही कॅमेऱ्यांत बदल आपोआप साठवण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा, नाहीतर हा सगळा खटाटोप व्यर्थ. सुरुवातीच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत या खुणा नसतात. तिथे मेनूतला रीसेट वापरा, मात्र आधी तारीख, वेळ आणि रॉची निवड लिहून ठेवा.

सामानाचा नियम मी एकच पाळतो: बॅटरी आणि कार्ड आत असल्याशिवाय कॅमेरा बॅगेत जात नाही. चार्जरमध्ये राहिलेली बॅटरी आणि लॅपटॉपमध्ये राहिलेलं कार्ड, हे दोन घोटाळे एवढ्याने मिटतात. तिसरा घोटाळा ट्रायपॉडच्या प्लेटचा. प्लेट दुसऱ्या कॅमेऱ्याला लागलेली असते आणि ट्रायपॉड नुसता हेलपाटा म्हणून बरोबर येतो. जादा प्लेट घेऊन ती ट्रायपॉडलाच लावून ठेवा, महाग नसते. कार्ड फॉरमॅट करायचं ते फोटो दोन ठिकाणी उतरवल्यावरच, आणि कॅमेऱ्यातच. संगणकावर एकेक फाइल पुसू नये.

सकाळी मनोऱ्याजवळ पोहोचल्यावर मग एकच चाचणीचा फोटो. आकाशाचा नको, पाण्याचाही नको. डांबरी रस्ता किंवा गवत घ्या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डाव्या-उजव्या कुठल्याच भिंतीला चिकटलेला नाही, आकडे कालचे नाहीत, मोठं करून बघितल्यावर गवताची पाती धारदार आहेत, एवढं दिसलं की चला.

थंडी, दमट हवा आणि रंग

निफाडचा गारठा सगळ्यांना माहीत आहे, पारा पाच-सहा अंशांवरही उतरतो. अशा थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. गार पडून ‘संपलेली’ बॅटरी अंगाच्या उबेने पुन्हा थोडी चालते, म्हणून ती लगेच बाद समजू नका.

लेन्स पुसूनही पांढुरकी दिसत असेल तर ते दव आहे. गार कॅमेरा उबदार खोलीत नेला, किंवा पावसाळ्यात एसी गाडीतून त्र्यंबकच्या दमट हवेत बाहेर काढला की काचेवर बाष्प बसतं. पुसत राहू नका, ते पुन्हा येतंच. त्या वेळी लेन्स तर अजिबात बदलू नका. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, म्हणजे तो हळूहळू बाहेरच्या हवेशी जुळतो. एरवी ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, निळे दाणे गुलाबी झाले की बदला, नाहीतर पावसाळ्याअखेर बुरशी ठरलेली.

रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाजवळ, जाणार असाल तर लेन्स घरूनच लावून न्या आणि तिथे काढूच नका. समोर एक साधा यूव्ही फिल्टर असू द्या. वाळलेला रंग आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. थेट कापडाने घासलंत तर रंगाचे कण काचेवर ओरखडे काढतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.

आकाशात दर फोटोला त्याच जागी करडा ठिपका दिसत असेल तर सेन्सरवर धूळ आहे. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो काढा, सगळे ठिपके उघडे पडतील. कॅमेऱ्यातली सेन्सर सफाई दोन-तीनदा चालवा. तरीही राहिले तर जाणत्या माणसाकडे द्या.

दुरुस्तीला कधी न्यायचा

पूर्ण रीसेट, दुसरी लेन्स, दुसरं कार्ड, दुसरी चार्ज केलेली बॅटरी, एवढं करूनही दोष तसाच राहिला तर कॅमेरा खरंच दाखवायला हवा. दुसरी लेन्स लावल्यावर दोष गेला तर आधी पहिल्या लेन्सचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसून बघा. वेगवान शटरला फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी येत असेल आणि फ्लॅश लावलेला नसेल, तर शटरच्या पडद्याचा दोष असण्याची शक्यता मोठी, तिथे घरगुती उपाय नाही. फ्लॅश लावलेला असेल तर मात्र वेग १/२०० पर्यंत खाली आणून पुन्हा बघा, बहुधा पट्टी जाते.

नेताना बिघडलेले दोन-तीन फोटो मूळ फाइलीच्या रूपात कार्डावर ठेवा. चॅटमधून पाठवलेल्या प्रतीत वेग, आयएसओ, वेळ ही माहिती बहुधा गळून जाते. दोष कधी येतो, कोणत्या लेन्सला, थंडीत की उन्हात, पहिल्या फोटोला की सलग काढताना, हे एका कागदावर लिहून कॅमेऱ्यासोबत द्या. स्वतःची बॅटरी आणि कार्ड देणार असाल तर पावतीवर त्यांची नोंद करून घ्या.